‘मले आवडते’पासून ‘मे गुस्ता’पर्यंत

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद या भागांतल्या घराघरांत ‘मले भाकर आवडते’, ‘तुले काय पायजे?’, ‘त्याले सांगजो’ अशी वाक्ये दिवसभर कानावर पडतात. बोलणाऱ्याला त्यांत विशेष काही वाटत नाही. पण स्पॅनिश शिकणारे जगभरचे विद्यार्थी ज्या प्रकरणापाशी अडखळतात, त्याचा गाभा या तीन वाक्यांत आहे. ते प्रकरण म्हणजे अप्रत्यक्ष कर्माची सर्वनामे आणि त्यांच्यासोबत येणारी क्रियापदे. या पुस्तिकेचा विषय तेवढाच आहे. ती लिहिण्यामागचा विश्वासही साधा आहे: इथल्या मुलाने स्पॅनिशकडे इंग्रजीचा वळसा घेऊन जाण्याची गरज नाही, त्याच्या बोलीतून सरळ वाट जाते.

आज तसे होत नाही. आपल्याकडे स्पॅनिश शिकायची म्हणजे पुण्या-मुंबईचा किंवा दिल्लीचा वर्ग लावायचा, नाहीतर मोबाइलवर ॲप उघडून बसायचे. दोन्ही ठिकाणी शिकवण्याचे माध्यम बहुधा इंग्रजी. पुस्तक सांगते की ‘आय लाइक’ला स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता’ म्हणतात. विद्यार्थी आधी ‘मला आवडते’चे ‘आय लाइक’ करतो, मग ‘आय’च्या जागी ‘यो’ आणि ‘लाइक’च्या जागी ‘गुस्तार’ ठेवतो आणि ‘यो गुस्तो मांगोस’ असे चुकीचे वाक्य तयार करतो. मग त्याला समजावले जाते की स्पॅनिश लोकांची विचार करण्याची पद्धत उलटी आहे; तिथे माणूस आंबा आवडून घेत नाही, आंबाच माणसाला आवडतो. हे ऐकून इंग्रज विद्यार्थ्याने चकित व्हावे, हे समजण्यासारखे आहे. मराठी विद्यार्थ्याने चकित होण्याचे काहीच कारण नाही. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आवडण्याची क्रिया आंब्याचीच असते. मी तिथे कर्ता म्हणून उभा नसतो. ती आवड माझ्यापर्यंत येऊन पोहोचते. स्पॅनिश वाक्याची रचना हीच आहे. ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्ता’ म्हणजे आवडतो, ‘एल मांगो’ म्हणजे आंबा. आंबे अनेक झाले की मराठीत ‘आवडतात’ होते, स्पॅनिशमध्ये ‘गुस्तान’. ‘मी तुला आवडतो का?’ हा प्रश्नही जसाच्या तसा जातो: ‘ते गुस्तो?’

एका बाबतीत वऱ्हाडी बोली प्रमाण मराठीपेक्षाही स्पॅनिशच्या जवळ आहे. प्रमाण मराठीत आंबा आवडतो, भाकरी आवडते, पुस्तक आवडते. वस्तूच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलते. वऱ्हाडीत वर्तमानकाळात हा भेद पुष्कळदा राहत नाही. ‘तो जाते’ म्हणणारा माणूस ‘मले आंबा आवडते’ आणि ‘मले भाकर आवडते’ असे एकाच रूपाने म्हणतो. स्पॅनिश ‘गुस्ता’लाही लिंग नाही. ज्या रूपाला शाळेत अशुद्ध म्हणून तांबड्या शाईची रेघ मिळते, ते इथे शिकणाऱ्याचे काम सोपे करते.

या रचनेची मुळे खोल आहेत. पाणिनीने अष्टाध्यायीत संप्रदानाची व्याख्या केली आणि ज्याला काही द्यायचे त्याला ते नाव दिले. त्याला लागूनच पुढच्या सूत्रात त्याने सांगितले की ‘रुचणे’ या अर्थाच्या धातूंसोबत ज्याला रुचते तोही संप्रदानच. म्हणजे ज्याला मोदक दिला तो आणि ज्याला मोदक आवडला तो, दोघांनाही संस्कृतात चतुर्थी. स्पॅनिशमध्येही ‘मला दिले’ आणि ‘मला आवडले’ यांतला ‘मला’ एकच ‘मे’ आहे. अडीच हजार वर्षांच्या आसपासचा हा विचार आजच्या स्पॅनिशच्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापावा इतका नेमका आहे. देण्याची क्रियापदे आणि आवडण्याची क्रियापदे एकाच पुस्तिकेत का, याचे उत्तरही त्यातच मिळते.

लॅटिनमध्येही हीच रचना होती, आणि स्पॅनिश ही लॅटिनची लेक. लॅटिनमधला ‘मिही’ म्हणजे ‘मला’ आणि संस्कृतातला ‘मह्यम्’ हे एकाच मूळ भाषेतून निघालेले शब्द आहेत. ‘मह्यम्’चे प्राकृतात ‘मज्झ’ झाले आणि मराठीत ‘मज’. संतांच्या अभंगांतून हा ‘मज’ आपल्या कानांत बसलेला आहे. तिकडे ‘मिही’चे स्पॅनिशमध्ये ‘मी’ झाले. तेव्हा मराठी ‘मज’ आणि स्पॅनिश ‘मी’ यांचे नाते खरे आहे, दूरच्या चुलत भावंडांचे का असेना. वऱ्हाडी ‘त्याले’मधला ‘ले’ आणि स्पॅनिश ‘ले’ यांचे मात्र तसे नाही. स्पॅनिश ‘ले’ हा लॅटिन ‘इल्ली’पासून आला. आपल्या ‘ला’ आणि ‘ले’ या प्रत्ययांचा संबंध जुन्या मराठीतल्या ‘लागी’शी जोडला जातो. दोन्हींचा अर्थ एक, आवाज एक, पण तो योगायोग आहे. विद्यार्थ्याने त्याचा उपयोग लक्षात ठेवण्यासाठी जरूर करावा, ‘त्याले आवडते’ म्हणजे ‘ले गुस्ता’ हे एकदा ऐकले की विसरत नाही. फक्त त्यावरून इतिहास रचू नये.

इंग्रजीतही पूर्वी अशी वाक्ये होती. ‘मला वाटते’ या अर्थाचा ‘मीथिंक्स’ हा शब्द शेक्सपिअरच्या नाटकांत भेटतो. पुढे इंग्रजीने विभक्तीची बहुतेक रूपे टाकली, कर्त्याची जागा वाक्याच्या सुरुवातीला पक्की केली आणि आवडणारा, वाटणारा, आठवणारा माणूस त्या जागेवर आणून बसवला. भारतातल्या भाषांनी तसे केले नाही. हिंदीत ‘मुझे’, कन्नडमध्ये ‘ननगे’, तेलुगूत ‘नाकु’; कुळे वेगळी असूनही आवड, भूक, राग, आठवण या गोष्टी माणसाला होतात अशीच मांडणी सगळीकडे दिसते. कॉलिन मसिका यांनी 1976 साली दक्षिण आशियाच्या भाषांमधल्या समान खुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ही एक ठळक खूण म्हणून नोंदली आहे. ज्याला अनुभव येतो त्याला भाषाशास्त्रज्ञ ‘अनुभवक’ म्हणतात. मराठीतल्या अनुभवकाबद्दल राजेश्वरी पंढरीपांडे यांनी विस्ताराने लिहिले आहे.

बुलढाणा जिल्ह्यात बसून हा विषय शिकण्यात आणखी एक लाभ आहे. एकाच जिल्ह्यात इतक्या बोली क्वचितच नांदतात. पूर्वेला आणि उत्तरेला वऱ्हाडी, मलकापूरकडे खानदेशी आणि लेवा बोलीची छटा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या बाजूला मराठवाड्याचे वळण. तांड्यांवर बंजारा बोली, गावागावांत उर्दू, सातपुड्याच्या पायथ्याला कोरकू. जळगाव जामोद तालुक्यातल्या काही वस्त्यांवर निहाली बोलली जाते. तिचे नाते जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी निश्चितपणे जोडता आलेले नाही. डच अभ्यासक कायपर यांनी 1962 मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आता ती बोलणारे थोडे उरले आहेत. या जिल्ह्यातले मूल बाजाराच्या दिवशी दोन-तीन बोली ऐकते आणि माणूस पाहून आपली बोली बदलते. शाळा या कसबाला कधी गुण देत नाही, पण परकी भाषा शिकताना पहिल्यांदा लागते ते हेच कसब.

जुन्या मराठीशीही या भूमीचा संबंध जवळचा आहे. चक्रधरस्वामींचा वावर लोणार आणि मेहकर या ठिकाणी झाल्याच्या लीळा ‘लीळाचरित्रा’त आहेत. लोकांच्या बोलीत बोलणे आणि त्याच बोलीत ते टिपून ठेवणे, हा त्या ग्रंथाचा मोठेपणा. त्याच महानुभाव परंपरेतल्या पंडित भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हे मराठी व्याकरणावरचे सर्वांत जुने उपलब्ध लेखन मानले जाते. युरोपात लोकभाषेचे व्याकरण लिहिण्याला थोरपण आले ते 1492 साली, अँतोनियो दे नेब्रिहा यांनी कास्तिलियन म्हणजे स्पॅनिश भाषेचे व्याकरण छापले तेव्हा. लॅटिन किंवा संस्कृत सोडून घरच्या भाषेलाही नियम असतात, हे सांगण्याचे धैर्य दोन्हीकडे लागले.

पुढे मात्र आपल्या बोलीच्या वाट्याला वेगळे आले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 साली मुंबईत निघाले, मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ 1911 साली आला. छापील मराठीचे रूप पुण्या-मुंबईकडे ठरत गेले. वऱ्हाड त्या काळात आधी निजामाकडे, 1853 नंतर इंग्रजांच्या ताब्यात आणि पुढे मध्य प्रांताशी जोडलेला होता. 1956 साली तो मुंबई राज्यात आला. पाठ्यपुस्तकातल्या विभक्तीच्या तक्त्यात ‘स, ला, ते’ आले, ‘ले’ आला नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 च्या सातव्या खंडात वऱ्हाडीची नोंद झाली, पण ती अभ्यासकांसाठी. वर्गातल्या मुलाला तक्ता खरा आणि आई खोटी, असेच वाटत राहिले. बोलीला चूक म्हणणारी शाळा मुलाकडून त्याचे पहिले व्याकरण काढून घेते, आणि मग दुसरे शिकवायला तिच्याकडे पाया उरत नाही. या पुस्तिकेत जिथे जिथे ‘मले, तुले, त्याले, आमाले, तुमाले’ येते, तिथे ते गंमत म्हणून किंवा गावरान चव म्हणून आलेले नाही. ती व्याकरणाची शुद्ध रूपे आहेत आणि त्यांच्याकडे तसेच पाहावे.

आता प्रत्यक्ष विषयाकडे. ही सर्वनामे सहाच आहेत: ‘मे’ म्हणजे मला, ‘ते’ म्हणजे तुला, ‘ले’ म्हणजे त्याला, तिला किंवा आदरार्थी तुम्हाला, ‘नोस’ म्हणजे आम्हाला किंवा आपल्याला, ‘ओस’ म्हणजे स्पेनमध्ये तुम्हा सगळ्यांना, आणि ‘लेस’ म्हणजे त्यांना. लॅटिन अमेरिकेत ‘ओस’ वापरत नाहीत, तिथे त्या जागीही ‘लेस’च चालते. वाचकाने दोन बाबतींत सुरुवातीलाच सावध राहावे. स्पॅनिश ‘मी’ हा आपल्या ‘मी’सारखा ऐकू येतो, पण तो कर्ता नाही. ‘आ मी’ म्हणजे ‘मला’ आणि कर्ता असलेला ‘मी’ म्हणजे ‘यो’. तसेच स्पॅनिश ‘ला’ हा आपला चतुर्थीचा प्रत्यय नाही. तो स्त्रीलिंगी नामापूर्वी येतो किंवा ‘तिला पाहिले’ यातल्या ‘तिला’चे काम करतो.

ही सर्वनामे क्रियापदाला धरून राहतात. एकटी उभी राहत नाहीत, त्यांच्यावर जोर येत नाही. रूप चाललेल्या क्रियापदाच्या ती आधी येतात: ‘मे दा’ म्हणजे मला देतो, ‘ले दी एल लिब्रो’ म्हणजे मी त्याला पुस्तक दिले. आज्ञा करताना ती मागे जाऊन चिकटतात: ‘दामे’ म्हणजे दे मला, ‘दिमे’ म्हणजे सांग मला. आपणही घाईत ‘दे मले’, ‘सांग मले’ असेच म्हणतो. नकार आला की सर्वनाम पुन्हा पुढे येते: ‘नो मे दिगास’, मला सांगू नकोस. दोन क्रियापदे जोडून आली तर दोन्ही वाटा मोकळ्या आहेत: ‘ते किएरो देसिर आल्गो’ किंवा ‘किएरो देसिर्ते आल्गो’, दोन्हींचा अर्थ ‘तुला काही सांगायचे आहे’.

जोर द्यायचा असेल किंवा ‘त्याला’ म्हणजे नेमके कोणाला हे सांगायचे असेल, तर स्पॅनिश भाषा तीच गोष्ट दोनदा सांगते. ‘आ रामोन ले गुस्ता एल माईस’, म्हणजे ‘रामोनला मका आवडतो’. इथे ‘आ रामोन’ म्हणजे रामोनला हे आलेच आहे, तरी ‘ले’ ठेवावाच लागतो. मराठीत अशी द्विरुक्ती नाही, म्हणून आपला विद्यार्थी ‘ले’ गाळतो. याला एकच उपाय: ‘ले’ हा क्रियापदाचाच भाग आहे असे समजून बोलायची सवय करावी. शेतमालाच्या पोत्यावर मालकाचे नाव असते आणि पावतीवरही असते, तसे हे आहे. माल आणि हिशेब दोन्हीकडे खूण हवी.

‘ले’ आणि दिलेल्या वस्तूसाठीचा ‘लो’ एकापुढे एक आले की ‘ले’चा ‘से’ होतो. ‘ते त्याला दिले’ म्हणजे ‘से लो दी’. ‘ले लो’ कानाला बरे वाटत नाही म्हणून हा बदल झाला, असे पुष्कळ पुस्तके सांगतात. खरे कारण इतिहासात आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये या जोडीचे रूप ‘झेलो’च्या जवळ उच्चारले जाई. उच्चार बदलत गेले तसे ते आधीपासून भाषेत असलेल्या ‘से’सारखे झाले आणि त्यातच मिसळले. कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही.

या प्रकरणाचा सर्वांत समृद्ध भाग म्हणजे माणसाच्या मनाची क्रियापदे, आणि इथे मराठी माणूस घरच्या अंगणात असतो. ‘मे पारेसे’ म्हणजे मला वाटते. ‘मे इंतेरेसा’ म्हणजे मला त्यात रस वाटतो. ‘मे फाल्ता’ म्हणजे मला कमी पडते. ‘मे बास्ता’ म्हणजे मला पुरे. ‘मे दा मिएदो’ म्हणजे मला भीती वाटते, ‘मे दा राबिया’ म्हणजे मला राग येतो, ‘मे दा रिसा’ म्हणजे मला हसू येते. या शेवटच्या तिन्हींत ‘दा’ म्हणजे ‘देतो’. भीती, राग, हसू या गोष्टी कोणीतरी मला देते. पाणिनीने जे दोन अर्थ शेजारी ठेवले, ते इथे एकाच क्रियापदात येतात. ‘से मे ओकुर्रियो’ म्हणजे मला सुचले. ‘से मे इसो तार्दे’ म्हणजे मला उशीर झाला. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही दोन वाक्ये कोडी वाटतात. आपण ती उच्चारताच ओळखतो, कारण सुचणे आणि उशीर होणे आपल्याकडेही माणूस करत नाही, ते त्याला होते.

‘से मे कायो एल बासो’ या वाक्याचा अर्थ ‘माझ्या हातून पेला पडला’ असा आहे. शब्दशः पाहिले तर पेला पडला आणि ते ‘मला’ झाले. दोष नाकारण्याची ही युक्ती आहे असे काही जण शिकवतात. मला ते पटत नाही. पाडणे आणि हातून पडणे यांत खरा फरक आहे, आणि तो सांगण्यासाठी भाषेत स्वतंत्र जागा असणे ही तिची अचूकता आहे. मराठीत ‘हातून’ म्हणून हा फरक आपण तितक्याच अचूकपणे करतो.

इतके साम्य दाखवल्यावर भेदही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवेत, नाहीतर हे साम्यच खड्ड्यात नेईल. मराठीतल्या ‘मला’चा पसारा स्पॅनिशपेक्षा मोठा आहे. मला भूक लागते, मला ताप येतो, मला दोन भाऊ असतात, मला पोहता येते, मला चहा हवा असतो. या सगळ्या ठिकाणी स्पॅनिश भाषा ‘मला’ सोडते आणि माणसाला कर्ता करते. ‘तेंगो आम्ब्रे’, ‘तेंगो फिएब्रे’, ‘तेंगो दोस एर्मानोस’ यांत भूक, ताप आणि भाऊ यांचा मी धनी आहे. ‘से नादार’ म्हणजे मी पोहणे जाणतो. ‘किएरो ते’ म्हणजे मी चहा इच्छितो. ढोबळ खूण अशी: भूक, तहान, ताप, वय, नातेवाईक यांना ‘तेनेर’ (ज्याचे रूप ‘तेंगो’) लागते, आवड, मत, रस, उणीव आणि मनात उठणाऱ्या लहरी यांना ‘मे’ लागते.

दुसरा भेद उलट्या दिशेने जातो. जिथे आपण ‘माझे’ म्हणतो तिथे स्पॅनिशमध्ये ‘मला’ येते. ‘माझे डोके दुखते’ याला ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणतात, म्हणजे ‘मला डोके दुखते’. ‘त्याचे पाकीट चोरले’ याला ‘ले रोबारोन ला कार्तेरा’ म्हणतात, म्हणजे ‘त्याला पाकीट चोरले’. शरीराच्या अवयवाला किंवा जवळच्या वस्तूला काही झाले की स्पॅनिश भाषा आधी त्या माणसाकडे पाहते. मागण्याचेही तसेच आहे. आपण त्याच्याकडे पैसे मागतो, स्पॅनिशमध्ये ‘ले पिदो दिनेरो’, त्याला मागतो.

तिसरा भेद सर्वांत बारीक, आणि माझ्या मते सर्वांत शिकवून जाणारा. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी या दोन्हींचे प्रत्यय तेच आहेत. ‘त्याला पाहिले’ आणि ‘त्याला दिले’ यांत आपल्याला फरक ऐकू येत नाही. ‘मे’, ‘ते’, ‘नोस’, ‘ओस’ यांच्याबाबत स्पॅनिशही तशीच वागते. इतकेच काय, जिवंत कर्माला प्रत्यय आणि निर्जीव कर्माला नाही, ही आपली सवयही स्पॅनिशमध्ये आहे: ‘बेओ ला कासा’ म्हणजे मी घर पाहतो, पण ‘बेओ आ रामोन’ म्हणजे मी रामोनला पाहतो. मात्र तृतीय पुरुषात स्पॅनिश वेगळी होते. पाहिलेल्या माणसासाठी ‘लो’ किंवा ‘ला’, दिलेल्या माणसासाठी ‘ले’: ‘लो बी’, त्याला पाहिले, ‘ले दी’, त्याला दिले. आपला विद्यार्थी दोन्हीकडे ‘ले’ म्हणतो. वाक्यात त्या माणसाखेरीज दुसरी एखादी वस्तू किंवा गोष्ट त्याच्याकडे जाते आहे का, हे विचारावे. त्याला पुस्तक दिले, त्याला बातमी सांगितली, त्याला प्रश्न विचारला, तर ‘ले’. नुसते त्याला पाहिले, भेटले, उचलले, तर ‘लो’.

हीच सरमिसळ स्पेनमधल्या कास्तिल प्रांतातले लोक पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. ‘लो’च्या जागी ‘ले’ वापरण्याच्या या प्रकाराला तिकडे ‘लेईस्मो’ म्हणतात. स्पॅनिश भाषेची अकादमी 1713 साली स्थापन झाली. तिने पुरुषवाची एकवचनात, माणसाबद्दल बोलताना, हा प्रयोग मान्य केला आहे. इतर ठिकाणी तो टाळायला ती सांगते. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ म्हणतात, आणि तेही तिथले प्रतिष्ठित रूप आहे. 2009 साली अकादमीने स्पॅनिश बोलणाऱ्या देशांच्या अकादम्यांसोबत जे नवे व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात अशा देशोदेशीच्या रूपांची नोंद कुठे काय बोलतात हे सांगून केली आहे. सुमारे 20 देशांची ही राजभाषा एकाच शहराच्या बोलीने चालत नाही, आणि तिच्या व्याकरणकारांना त्याची लाज वाटत नाही. आपल्या शिक्षकांनी या गोष्टीवर थोडा वेळ विचार करावा अशी माझी विनंती आहे.

स्पॅनिश शब्द या पुस्तिकेत देवनागरीतच दिले आहेत, त्याचेही कारण सांगतो. स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, आपल्यासारखेच. स्वर पाच, स्वच्छ आणि न बदलणारे. रोमन लिपीत लिहिलेला शब्द आपला विद्यार्थी इंग्रजी वळणाने वाचतो आणि ‘ते’चा ‘टे’ करतो. देवनागरीत तो पहिल्याच वेळी जवळपास बरोबर उच्चारतो. कान आणि जीभ तयार झाली की रोमन लिखाण शिकायला आठवडा पुरतो.

पुस्तिकेची रचना याच क्रमाने आहे. आधी देण्या-सांगण्याची क्रियापदे, कारण तिथे ‘कोणाला’ हे डोळ्यांना दिसते. मग आवडण्या-वाटण्याची, मग ‘से मे’ची वाक्ये, आणि शेवटी मराठीपासून दूर जाणाऱ्या जागा. प्रत्येक पाठात वाक्य आधी बोलीत, मग प्रमाण मराठीत, मग स्पॅनिशमध्ये दिले आहे. विद्यार्थ्याने पहिली ओळ आपल्या घरच्या बोलीत बदलून घ्यावी. मलकापूरच्या मुलाने मलकापूरची, देऊळगाव राजाच्या मुलीने तिच्या गावची, बंजारा मुलाने तांड्यावरची लिहावी. पाठाचा तो सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. स्वतःच्या वाक्यात ‘कोणाला’ कुठे बसले आहे हे ज्याने एकदा बोट ठेवून पाहिले, त्याला परक्या वाक्यातही ते सापडते.

परकी भाषा शिकली की नोकरी मिळते, असे सांगून मुलांना वर्गात बोलावले जाते. नोकरी मिळावी, ती मिळतेही. पण मला या पुस्तिकेकडून त्याआधीची एक गोष्ट हवी आहे. ज्या मुलीला आपले बोलणे सुधारण्याची ताकीद मिळत आली, तिला आपल्या बोलण्यात नियम आहेत, ते प्राचीन आहेत आणि सात समुद्रांपलीकडची एक मोठी भाषा त्याच नियमांनी चालते, हे स्वतःच्या अभ्यासातून कळावे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर तिने वाक्ये शेजारी ठेवून तपासली म्हणून. ते कळल्यावर ती स्पॅनिश शिकेल, किंवा कदाचित जर्मन, किंवा निहालीची नोंद करायला जळगाव जामोदच्या डोंगराकडे जाईल. कोणतीही वाट धरली तरी तिचे पहिले व्याकरण तिच्याजवळ असेल, आणि त्यावर उभे राहून दुसरे शिकणे तिला अवघड जाणार नाही.